सियालागॉग: लाळ नव्हे, लाळ आणणारा

‘सियालागॉग’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘खाणं पाहून सुटणारी लाळ’ असा कुणीतरी दिला आहे. तो पटत नाही. हा शब्द लाळेचा नाही. जे लाळ सुटायला लावतं त्या पदार्थाचा किंवा औषधाचा आहे. ग्रीक ‘सियालॉन’ म्हणजे लाळ, ‘आगोगोस’ म्हणजे नेणारा, ओढून आणणारा. ‘पेडॅगॉग’ (शिक्षक) मधलं शेपूटही हेच. तो मूळचा मुलाला शाळेत नेणारा.

म्हणजे दादर स्टेशनबाहेरची तिखटमीठ लावलेली कैरी अस्सल सियालागॉग! आंबट चवीइतकं लाळग्रंथींना दुसरी कुठली चव चाळवत नाही. अक्कलकारा ही औषधी मुळीही तशीच, चघळली की जीभ चुणचुणते आणि तोंड भरून येतं. औषधांत पिलोकार्पिन. मानेवर किरणोपचार झालेल्यांची लाळ आटते, घास गिळणंही जड जातं, तेव्हा डॉक्टर ते देतात. अशा माणसांसाठी हा नुसता कोशातला शब्द नाही.

आपली ‘लाळ’ संस्कृत ‘लाला’वरून आली. म्हणून मराठीत ‘लालास्रावक’ म्हणता येईल, पण मला ‘लाळवर्धक’ जास्त आवडेल. ऐकताक्षणी कळतो.