लहान वयातली मोठी कामे: प्रदर्शनात हाताने करून दाखवता येतील असे प्रयोग सुचवा

पंचगंगा

नमस्कार. कोल्हापुरातल्या एका मराठी शाळेत आठवी-नववीच्या मुलांचे दोन दिवसांचे प्रदर्शन आहे. विषय असा: वयाची २१ वर्षे पुरी व्हायच्या आत ज्यांनी मोठे काम केले अशी इतिहासातली माणसे. फोटो चिकटवलेले तक्ते करायचे नाहीत. प्रत्येक टेबलावर ते मूळ काम, किंवा त्याचा एक तुकडा, मुलांनी बघणाऱ्यासमोर दहा-पंधरा मिनिटांत करून दाखवावा. साहित्य लक्ष्मीपुरी किंवा महाद्वार रोडला मिळेल एवढेच. आत्तापर्यंत गाऊस, लुई ब्रेल आणि पास्कल ही नावे ठरली आहेत, पण नेमके काय आणि कसे करायचे ते हवे आहे.

आणखी एक. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५चा आणि डॉक्टरकीची पदवी १८८६ची. म्हणजे २१ झाले, म्हणून त्यांचे नाव वगळले. ते बरोबर ना?

कर्कटक

गाऊसचे टेबल घ्याच. फक्त त्याने शाळेत १ ते १०० ची बेरीज झटक्यात केली ती गोष्ट नको. ती जो तो आपापले आकडे घालून सांगतो. ३० मार्च १७९६चा शोध घ्या. फक्त पट्टी आणि कंपास वापरून १७ समान बाजूंची आकृती काढता येते, हे त्याने त्या दिवशी शोधले. आपल्या रोजनिशीतली पहिली नोंद त्याने याचीच केली. ३ आणि ५ बाजूंचे ग्रीकांना येत होते, ७ बाजूंचे जमतच नाही, आणि १७चे जमते हे दोन हजार वर्षे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. गाऊसने ते शक्य असल्याचे दाखवले. खालची रचना मात्र त्याची नाही, रिचमंड या गणितज्ञाने १८९३ साली दिलेली आहे. तक्त्यावर हा फरक जरूर लिहा.

ड्रॉइंग शीट ए-थ्री आकाराचा घ्या. त्रिज्या १० सेमी. ए-फोरवर वर्तुळ बसते, पण दोन्ही कडांना जेमतेम ५ मिमी उरतात आणि कंपास कडेवरून घसरतो.

केंद्र क. उजवीकडे आडवी त्रिज्या कअ, वर उभी त्रिज्या कब. कब रेषेवर क पासून २.५ सेमीवर ज हा बिंदू घ्या (त्रिज्येचा चौथा भाग, तोही कंपासने दोनदा दुभागून). ज आणि अ जोडा. आता कजअ हा कोन दुभागा आणि क कडचा अर्धा पुन्हा दुभागा. हा शेवटचा दुभाजक कअ ला जिथे कापतो तो च. यानंतर ज पाशी जच रेषेशी ४५ अंशांचा कोन क च्या पलीकडच्या बाजूला करा. ती रेषा अक वाढवल्यावर डावीकडे जिथे मिळते तो ट.

टअ हा व्यास धरून वर्तुळ काढा. ते कब ला ठ मध्ये कापते. मग च केंद्र आणि चठ त्रिज्या घेऊन आणखी एक वर्तुळ. ते आडव्या रेषेला उजवीकडे प आणि डावीकडे फ मध्ये कापते. प आणि फ वर लंब उभे करा. ते मोठ्या वर्तुळाला वरच्या बाजूला भेटतात ते आपले तिसरे आणि पाचवे शिरोबिंदू (अ हा शून्यावा). त्या दोघांमधला चाप दुभागला की चौथा मिळतो. चौथा ते पाचवा हे अंतर म्हणजे आकृतीची एक बाजू.

मुलांना तपासायला मापे देतो: कच ८.६ मिमी, कट १२.२, कठ ३४.९, चठ ३६.०, कप ४४.६, कफ २७.४, आणि बाजू ३६.७५ मिमी. कुठल्याही टप्प्याला अर्ध्या मिमीहून जास्त फरक दिसला तर पुढे जाऊ नका, तो टप्पा पुन्हा करा. सगळ्यात जास्त चूक च काढताना होते. तो बिंदू केंद्राच्या इतका जवळ आहे की जाड पेन्सिलीची एक रेघसुद्धा निकाल बिघडवते. २एच शिसे वापरा आणि टोक सँडपेपरवर घासून घ्या.

बाजू मिळाल्यावर एकाच दिशेने १७ वेळा कंपास टाकत जाऊ नका. बाजूत अर्धा मिमी चुकला तर शेवटी ८.५ मिमीची फट पडते. अ पासून वर ८ आणि खाली ८ टाका. मग आठव्या आणि नवव्या बिंदूंमध्ये जे अंतर उरेल ते ३६.७५ च्या किती जवळ आहे, यावरून सगळ्या कामाची परीक्षा होते.

शेजारी दुसरा कागद ठेवा, कोनमापकाने केलेला. ३६० ला १७ ने भागले की २१.१८ अंश येतात आणि कोनमापकावर एकेक अंशाच्याच खुणा असतात. २१ धरून १७ वेळा फिरवले की ३५७ होतात, ३ अंश उरतात, म्हणजे १० सेमी त्रिज्येवर ५ मिमीची उघडी फट. मूळ रचनेची किंमत या फटीतून जितकी कळते तितकी भाषणातून कळणार नाही.

सहा ठिपके

ब्रेलबद्दल. जन्म ४ जानेवारी १८०९. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या खोगिराच्या कारखान्यात टोचा डोळ्याला लागला, पुढे दोन्ही डोळे गेले. १८२४ पर्यंत, म्हणजे पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी तयार होती. छापली गेली १८२९ मध्ये.

मुलांनी दाखवायचे ते नुसती अक्षरे नव्हे, तर त्याने नक्की काय सुधारले ते. आधी शार्ल बार्बिए याची बारा ठिपक्यांची पद्धत होती, सहा-सहाच्या दोन उभ्या ओळी. ती ध्वनीवर चालायची, शुद्धलेखन आणि विरामचिन्हे त्यात नव्हती. जाड कागदावर दोन ठसे उठवा: एक बारा ठिपक्यांचा, एक सहाचा, ठिपक्यांत २.५ मिमी अंतर ठेवून. बाराचा ठसा १२.५ मिमी उंच होतो, सहाचा ५ मिमी. डोळ्यांवर पट्टी बांधून बघणाऱ्याला दोन्ही चाचपायला द्या. बाराच्या ठशावर बोट वर-खाली फिरवावे लागते, सहाचा ठसा बोटाच्या टोकाखाली एकदम मावतो. एवढा एक प्रयोग नीट केला तरी टेबल जिंकले. सहा ठिपक्यांतून ६३ खुणा होतात, त्या मुलांना मोजायला लावा (२ चा सहावा घात वजा १).

लिहायला ब्रेल पाटी आणि टोच्या मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर कागदाखाली फोमचा जाड तुकडा, वर आलेखाचा कागद चिकटवून मापे, आणि टोचायला वाळलेली बॉलपेनची रिफिल. कंपासचे टोक वापरू नका. त्याने आरपार भोक पडते आणि बोटाला उठाव लागत नाही. वहीचा कागदही नको, फाटतो. १२० ते १४० जीएसएमचा ड्रॉइंग पेपर बरा. एका अक्षराच्या ठिपक्यापासून पुढच्या अक्षराच्या त्याच ठिपक्यापर्यंत ६ मिमी, ओळीपासून ओळीपर्यंत १० मिमी.

डाव्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीत ४, ५, ६. पण टोचणे मागच्या बाजूने होते, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहायचे आणि १-२-३ ची ओळ उजवीकडे धरायची. मग कागद उलटायचा. सगळी मुले इथेच चुकतात. ह (१-२-५) सरळ टोचला तर उलटल्यावर ज (२-४-५) होतो.

'कोल्हापूर' असे लिहा:
क १-३, ओ १-३-५, हलन्त ४, ल १-२-३, ह १-२-५, आ ३-४-५, प १-२-३-४, ऊ १-२-५-६, र १-२-३-५.

नऊ घरे. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांच्या ब्रेल लिपीत) काना-मात्रा नाहीत, व्यंजनापुढे पूर्ण स्वर येतो. आणि हलन्त ल च्या आधी येतो, नंतर नाही. मराठी लिहिणाऱ्या हाताला हे विचित्र वाटते, म्हणून मुलांकडून आधी पाच-सहा वेळा करून घ्या. बघणाऱ्यांना सांगा की बोट दाबू नका, हलके सरकवा. दाबले की दुपारपर्यंत ठिपके सपाट होतात. चार-पाच प्रती तयार ठेवा.

जुने दप्तर

आनंदीबाईंना परत घ्या, ताई. जन्म ३१ मार्च १८६५, पदवी ११ मार्च १८८६. त्या वर्षीचा वाढदिवस अजून आला नव्हता, म्हणून वय २०. आणि कोल्हापूरच्या प्रदर्शनात त्या नसल्या तर ते फार वाईट दिसेल. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची प्रमुख म्हणून त्यांना कोल्हापूर संस्थानानेच नेमले होते. तेच आजचे कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय. कामावर रुजू व्हायच्या आतच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या.

सालातून साल वजा करण्याची ही चूक तुमच्या सगळ्या टेबलांवर होऊ शकते. गाऊसचा जन्म ३० एप्रिल १७७७. वजाबाकीने १९ येतात, खरे वय १८ वर्षे ११ महिने. शाहू महाराज, जन्म २६ जून १८७४, राज्यकारभार हाती घेतला २ एप्रिल १८९४: वजाबाकीने २०, खरे १९. आपला वीरधवल खाडे, जन्म २९ ऑगस्ट १९९१, बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला ऑगस्ट २००८ मध्ये, वाढदिवसाच्या आधी: वजाबाकीने १७, खरे १६. हेच एक वेगळे टेबल करा. चार चिठ्ठ्यांवर जन्मतारीख आणि कामाची तारीख द्या आणि बघणाऱ्याला वय काढायला सांगा. बहुतेक जण चारही चुकवतील.

ज्ञानेश्वर घेणार असाल तर जपून. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, पण जन्माचे शके ११९३ आणि ११९७ असे दोन सांगितले जातात. एकच वय छापू नका.

आणे-पै

पास्कलचे यंत्र पुठ्ठ्यात होते. १६४२ साली वडिलांच्या करवसुलीच्या हिशेबासाठी त्याने ते सुरू केले. दहा सेमी व्यासाची तीन चाके, ३६ अंशांवर आइस्क्रीमच्या काडीचे दहा दाते, एक दाता लांब, जो शेजारच्या चाकाला एक घर ढकलतो. लक्षात ठेवा, ढकललेले चाक उलट दिशेला फिरते, म्हणून एकाआड एक चाकावर अंक उलट क्रमाने लिहा. ९९९ मध्ये १ मिळवला की सगळी चाके एकदम अडतात. पास्कललाही हीच अडचण होती. त्याने चाक फिरताना हळूहळू वर उचलले जाणारे आणि ९ नंतर खाली पडणारे वजन बसवून ती सोडवली.

त्याचे यंत्र मागे फिरत नाही, वजाबाकी पूरक अंकांनी होते. ५२ - ३७ साठी ९९ - ५२ = ४७, त्यात ३७ मिळवून ८४, मग ९९ - ८४ = १५. फ्रेंच नाण्यांसाठी त्याने १२ आणि २० दात्यांची चाकेही केली होती. आपल्याकडे १२ पै आणि १६ आण्यांची दोन चाके केली तर आजी-आजोबा त्या टेबलावरून हलणार नाहीत.

पंचगंगा

फारच उपयोगी. आनंदीबाई आणि तारखांचे टेबल दोन्ही घेते. एक शंका: ज पाशी ४५ अंश कोनमापकाने घेतले तर चालेल का?

कर्कटक

नाही, मग "फक्त पट्टी आणि कंपास" हे खोटे ठरते. जच वर ज पाशी लंब काढा आणि तो काटकोन दुभागा. गुण्याही नको. आणि कंपासचा स्क्रू दर दोन वर्तुळांनी घट्ट करायला सांगा. चठ घेताना तो सैल असला तर प आणि फ दोन्ही सरकतात.