बगळ्याचं पांढरं जळू नये म्हणून

तुम्ही आज इथे टाकलेला, पुण्याच्या पाषाण तलावावरच्या बगळ्याचा फोटो पाहिला. पाण्यातलं प्रतिबिंब फार सुंदर आलंय, पण तुम्हीच म्हणताय तसा पिसांचा पोत पार गेलाय. दोष लेन्सचा नाही. मागचं पाणी गडद, त्यामुळे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर अख्खी चौकट उजळायला बघतो आणि त्यात पांढरा पक्षी जळतो, म्हणजे इतका उजळ होतो की बारकावे पुसले जातात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे 2/3 ते उणे 1 ठेवून बघा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद ते उजळ छटांचा आलेख, उजव्या कडेला चिकटू देऊ नका. सावली नंतर बरीच उजळता येते, जळलेलं पांढरं परत येत नाही.

वरच्या प्रतिक्रियेत एकांनी 300 मिमीच्या लेन्सला 1/125 सेकंदाचं शटर पुरेल असं लिहिलंय, ते मला पटलं नाही. हात हलून फोटो धूसर होऊ नये म्हणून शटरचा आकडा निदान लेन्सच्या मिमीइतका ठेवतात. त्यात तुमचा सेन्सर 1.5 क्रॉपचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान, म्हणून 300 ला 1.5 ने गुणायचं), म्हणजे हिशेब 450 मिमीचा. हातात धरून काढताना निदान 1/500 हवाच. त्यासाठी आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) 800 झाला तरी चालेल, थोडे दाणे दिसले तर दिसू देत.

आणि रोज एक फोटो टाकायचा नेम मोडू नका. मी तीन महिने एकाच पिंपळाचे फोटो काढले, तेव्हा कुठे सातचा उजेड आणि आठचा उजेड यातला फरक दिसायला लागला. उद्या काठावर गुडघे टेकून, बगळ्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढा आणि इथे टाका. वाट बघतोय.