अख्खा अल्टरनेटर बदलायची घाई नको
दादा, जुन्या ट्रॅक्टरचा चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही म्हणून मिस्त्री सरळ नवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) टाका म्हणतोय ना, जरा थांबा, आधी बॅटरीला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर, लावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास व्होल्ट दिसतात, रेस दिली की 13.8 ते 14.4 पर्यंत चढायला पाहिजेत. चढत नसतील तर पहिले बेल्ट आणि अर्थिंगची वायर बघा, तिथं गंज न् चिखल बसून बऱ्याचदा दोष तिथंच निघतो, मग अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश, ते झिजले असले तर किरकोळ पैशात येतात. 15 च्या वर जात असेल तर व्होल्ट ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलाय, बऱ्याच जुन्या मॉडेलला तोही सुटा बसतो. आणि ट्रॅक्टर नुसता उभा असून रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर अल्टरनेटरमधल्या डायोडवर (करंट एकाच दिशेनं जाऊ देतात ते) संशय घ्या, मीटर डायोड मोडवर ठेवून एका बाजूनी 0.5 सारखा आकडा आणि उलट लावल्यावर काहीच नाही असं यायला हवं, दोन्हीकडून आकडा आला की तो शॉर्ट. वायंडिंगवाला बदलून देतो, नवा अल्टरनेटर कशाला.

स्टेटरची, म्हणजे अल्टरनेटरच्या न फिरणाऱ्या भागाची, वायंडिंगच काळी पडून जळका वास येत असेल तर मात्र नवाच बरा, रिवायंडिंग प्लस बेअरिंग म्हणजे खर्च नव्याच्या जवळ जातो.

अजून एक, ट्रॉलीचा हुक वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढत जा, डायोड त्यातच उडतात आणि चालू इंजिनवर बॅटरी तर अजिबात काढू नका.