अहिराणी गाणी लिहितो, चॅनलवाले सगळे हक्क मागताय, सही करू का?

शिरपूरचा_गिटारवाला
राम राम मंडळी. दिवसा मोबाईलच्या दुकानात असतो, रात्री गाणी लिहितो. अमेरिकन कंट्री म्युझिक ऐकून ऐकून डोक्यात बसलं की आपण पण असंच लिहावं, कापसाचं, एसटीचं, सुरतला कामाला गेलेल्या पोरांचं, पण अहिराणीत. हळदीला गायलो तर एक गाणं पब्लिकला जाम आवडलं. आता एक यूट्यूब चॅनलवाला म्हणतो रेकॉर्डिंग-शूटिंग सगळं आमचं, वरून पाच हजार देतो, फक्त स्टॅम्प पेपरवर सही कर की गाण्याचे सगळे हक्क कायमचे आमचे. घरचे म्हणताय करून टाक. नॅशव्हिलवाले, म्हणजे तिकडे कंट्री म्युझिकचं जे मुख्य शहर तिथले गाणंवाले, सुरुवातीला काय करायचे, कोणाला माहित शे का?

नाना_पाचोरा
सही करू नको भो. बठ्ठं लिखी दिधं ते तुन्हाजोडे काय राही?

साउंडवाला_जळगाव
नानांनी एका ओळीत उडवलं, मी जरा लांबण लावतो. तिकडे गाणं लिहिणारा आणि गाणारा हे दोन वेगळे धंदे आहेत आणि बरेच जण आधी लिहिणारे म्हणूनच आत शिरले. कंट्री गायक विली नेल्सनच घे ना, कडकीत होता तेव्हा एक गाणं ५० डॉलरला विकून टाकलं, ते १९६० मध्ये क्लॉड ग्रेच्या आवाजात हिट झालं आणि गीतकार म्हणून याचं नावच नाही. पुढच्याच वर्षी गायिका पॅट्सी क्लाइनने त्याचं दुसरं गाणं गायलं, ते मात्र त्याच्या नावावर होतं, आणि गाडी तिथून लागली. कंट्रीचीच गायिका-गीतकार डॉली पार्टन, तिची गोष्ट उलटी. एल्विस तिचं गाणं गाणार होता, त्याच्या मॅनेजरने पब्लिशिंगचा, म्हणजे गाण्याच्या मालकीचा अर्धा हक्क मागितला, बाईने एल्विसला नाही म्हटलं! १९९२ मध्ये तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टनने गायलं आणि पैसा डॉलीच्या घरी आला.

आता आपलं. २०१२ ला आपला कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा लिहून दिला तरी जात नाही. तो गोळा करायला आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था आहे, तिथं मेंबर हो. पण यूट्यूबच्या जाहिरातीचा पैसा ज्याचं चॅनल त्याच्याच खात्यात जातो, आणि उद्या तू तेच रेकॉर्डिंग स्वतःच्या चॅनलवर टाकलं तर कॉपीराइटचा क्लेम तुझ्यावरच येईल. अजून एक, करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षंच धरतो, म्हणून तर ते ‘कायमचे’ लिहून राहिले. तू म्हण, या एका व्हिडिओपुरती ३ वर्षांची परवानगी देतो आणि गीतकार म्हणून नाव स्क्रीनवर पाहिजे.

धुळे_एक्सप्रेस
दादा तुमचं सगळं बरोबर पण ३ वर्षं म्हटलं की चॅनलवाला फोन उचलणं बंद करेल, त्याच्या दारात पन्नास पोरं उभी आहेत. आणि आपल्याकडे लग्नसराईत डीजेवर वाजलं तेच गाणं, सुरतच्या पोरांचं दुःख कोण नाचेल? माझं मत, एक नाचायचं गाणं देऊन टाक, नाव होऊ दे, चांगली गाणी घरात ठेव.

आक्का_अमळनेर
नाचायचंच कशाला पाहिजे रे भाऊ, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर बायका काय डीजे लावता का? श्रावणात कानबाई देवीच्या रात्री आमच्या गल्लीत जागरण असतं, एखादी ओळ दुसऱ्यांदा म्हटली की बायका आपोआप उचलता, नाही उचलली तर ती ओळ गेली. तू श्रावणात गाऊन बघ, कोणती ओळ पडते तिथंच कळेल. सुरतचं गाणं तर आमच्याकडे चालेलच, प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिकडे आहे.

शिरपूरचा_गिटारवाला
धन्यवाद सगळ्यांना. आक्का, तुमच्या गल्लीत यायला आवडेल. धुळे भाऊ, आवडलेलं गाणं नेमकं सुरतचंच आहे, हळदीत लोक नाचले नाही पण तीनदा म्हणायला लावलं. चॅनलवाल्याला ३ वर्षांचं विचारतो, नाही म्हटला तर स्वतःचं चॅनल काढतो. पण तिथं पैसे चालू व्हायला किती लागतं?

साउंडवाला_जळगाव
१,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यात ४,००० तास वॉच टाईम. त्या आधी चाल-शब्द मोबाईलवर गाऊन स्वतःलाच मेल करून ठेव, तारखेचा पुरावा राहतो. आणि कराओके ट्रॅकवर गाऊ नको, तो दुसऱ्याचा असतो. ढोलकीवाला पाहिजे असेल तर सांग, माझ्या ओळखीत आहे, पण तो लग्नाच्या तारखा सोडून येतो.

नाना_पाचोरा
आणि तो स्टॅम्प पेपर कोरा नाही ना ते बघ आधी.