छोट्या जागेतल्या बँडचे फोटो: चेहरे जांभळे, वर काळे पट्टे. नक्की कुठं चुकतंय?

तिसरी_रांग

स्थानिक बँडच्या छोट्या कार्यक्रमांबद्दल विचारतोय. शे-दीडशे माणसं मावतील एवढी जागा, गुडघ्याएवढं उंच स्टेज, मध्ये कठडा वगैरे काही नाही. प्रेस पास नाही, साधं तिकीट काढून आत. कॅमेरा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा मिररलेस, २४ मेगापिक्सेल, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी, एफ/३.५-५.६ लेन्स.

एफ/५.६, १/६० सेकंद आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० वर उजेड जेमतेम पुरतो, पण गायक हलला की फोटो गेला. आवाज नको म्हणून सायलेंट (म्हणजे इलेक्ट्रॉनिक) शटर लावलं तर फोटोवर आडवे काळे पट्टे येतात, तेही प्रत्येक फोटोत नाही. निळा किंवा जांभळा प्रकाश पडला की चेहऱ्याचा नुसता रंगीत गोळा होतो, नाक-डोळे गायब. आणि गायकाच्या तोंडासमोर कायम माइक.

फ्लॅश वापरायचा नाही. एक लेन्स घ्यायची तयारी आहे, ३५ की ५० मिमी ते ठरत नाही. मागच्या-शेजारच्यांना त्रास न होता हे कसं जमवायचं, तेही सांगा.

उजेडाचा_हिशेब

आधी लेन्स, कारण निम्मं दुखणं तिथंच आहे. एफचा आकडा लहान म्हणजे लेन्सचं भोक मोठं. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ जवळजवळ दहापट उजेड आत घेते, म्हणजे सव्वातीन स्टॉपच्या आसपास (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तुमच्याच आकड्यांत मांडायचं तर त्याच प्रकाशात १/६० चं १/२५० होईल आणि आयएसओ ६४०० वरून २५०० वर येईल. हा फरक नवी बॉडी घेऊनही मिळणार नाही.

३५ की ५० हे तुम्ही कुठं उभे राहता त्यावर. एपीएस-सीवर कॅमेरा उभा धरून दोन मीटरवरून ३५ मिमीत माणूस साधारण मांडीपासून डोक्यापर्यंत बसतो. त्याच अंतरावर ५० मिमीत कंबरेपासून वरचा. चार मीटरवर गेलात तर ५० मिमीत अख्खा माणूस मावतो. नावाप्रमाणे खरंच तिसऱ्या रांगेत असाल तर ५०. स्टेजला टेकून उभं राहता येत असेल तर ३५, कारण तिथून ५० मध्ये गिटारचं टोक कायम कापलं जातं.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. दोन मीटरवर ३५ मिमी एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारी खोली साधारण एक वीत. ५० ला त्याच्या निम्मी. गिटारच्या दांड्यावर फोकस बसला की चेहरा गेलाच. म्हणून उजेड बरा असेल तेव्हा एफ/२.२ किंवा २.५ वर या.

मोड मॅन्युअल. काळ्या पार्श्वभूमीमुळे कॅमेऱ्याचं मीटर फसतं, अख्खं दृश्य राखाडी करायच्या नादात चेहरा पांढराफटक करून टाकतं. पहिल्या गाण्यात स्पॉट मीटर (फक्त छोट्या भागाचा उजेड मोजणारा) चेहऱ्यावर धरा, समोरचा दिवा पूर्ण पेटलेला असताना कपाळ आणि नाकाचं टोक जळत नाही इतपत एक्स्पोजर ठरवा आणि तिथंच सोडा. दिवे दर दोन सेकंदांनी बदलतात, त्यांच्यामागे डायल फिरवत बसलात तर कायम एक पाऊल मागेच राहाल. सर्वांत उजळ क्षणाचं एक्स्पोजर लावून तो क्षण परत यायची वाट पाहायची. आणि तो येतो. दिवेवालाही गाण्याच्या तालावरच चालतो. ध्रुवपदाला समोरचे पांढरे-पिवळे दिवे, कडव्याला मागचे रंगीत, हा बहुतेकांचा ठरलेला रिवाज. गाणी पाठ असलेल्या चाहत्याला हे आधीच कळतं, पहिल्यांदा आलेल्या प्रेस फोटोग्राफरला नाही.

शटर: उभं राहून गाणाऱ्याला १/१६०, उड्या मारणाऱ्याला १/२५०. ड्रमरच्या काठ्या गोठवायला १/५०० लागतात, पण १/१२५ ला काठीची टोकं पुसट होऊन चेहरा स्थिर राहिला तर फोटो जास्त जिवंत दिसतो. अर्थात त्यासाठी दहातले नऊ फेकावे लागतात.

पडदा_आडवा

पट्ट्यांचं कारण सायलेंट शटरच. एलईडी मंद करायचा तर बहुतेक दिवे त्याचा प्रवाह कमी करत नाहीत, त्याला सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला सलग उजेड दिसतो. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सर एकेक ओळ करत वाचतं आणि साध्या सेन्सरला पूर्ण चौकट वाचायला साधारण १/१५ ते १/६० सेकंद लागतो. तेवढ्यात दिवा कित्येकदा विझून पेटलेला असतो. तो विझलेला असताना ज्या ओळी वाचल्या गेल्या, तो तुमचा काळा पट्टा. काही फोटोंत नसतो कारण त्या क्षणी दिवा पूर्ण ताकदीनं पेटलेला असतो किंवा चेहऱ्यावर दुसऱ्याच दिव्याचा उजेड असतो.

उपाय: मेकॅनिकल शटर. फक्त पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक असलेला प्रकारही चालेल. त्याचा पडदा चौकट साधारण १/२०० ते १/३०० सेकंदात ओलांडतो, त्यामुळे पट्टे एकतर नाहीसे होतात किंवा इतके फिकट होतात की जाणवत नाहीत. पण शटर १/१००० वर नेलंत तर मेकॅनिकललाही पट्टे येतील, कारण दोन पडद्यांमध्ये बारीक फट उरते आणि तीच खाली सरकत जाते. १/१२५ ते १/२५० च्या दरम्यान राहा.

मेनूतल्या अँटी-फ्लिकरवर विसंबू नका. तो विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झमुळे होणाऱ्या सेकंदाला १०० किंवा १२० लुकलुकण्यांसाठी आहे, स्टेजच्या एलईडीला त्याचा उपयोग नाही. काही नव्या कॅमेऱ्यांत शटर अपूर्णांकात बारीक सरकवता येतं. तुमच्यात ती सोय असेल तर पडद्यावर पट्टे दिसेनासे होईपर्यंत फिरवा.

आणि शटरच्या आवाजाची काळजी किती करताय! ड्रम चालू असताना तुमच्या शेजाऱ्यालाही ऐकू येणार नाही. एकट्या गिटारवरचं हळू गाणं असेल तर बटण दाबूच नका, टाळ्यांची वाट बघा.

रॉ_फाईलवाली

निळ्या चेहऱ्यांबद्दल. सेन्सरवर रंगाच्या गाळण्या असतात, त्यांतल्या निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. स्टेजवर निव्वळ निळा एलईडी असेल तर बारकावे टिपायला जवळपास पाव सेन्सरच कामाचा उरतो. वर कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या रंगांचा एकत्रित हिशेब करतं, त्याला दृश्य अंधारं वाटतं, ते एक्स्पोजर वाढवतं आणि तो एकुलता एक निळा चॅनेल भरून वाहतो. नाकाची कड, गालाची सावली, सगळं एकाच आकड्यावर. हाच तो गोळा.

म्हणून पांढरा हिस्टोग्राम (उजेडाची वाटणी दाखवणारा आलेख) बघू नका, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा लावा. निळ्या किंवा लाल प्रकाशात एक ते दीड स्टॉप कमी ठेवा. स्क्रीनवर फोटो अंधारा दिसेल, दिसू द्या. रॉमध्येच (सेन्सरची कच्ची माहिती जपणाऱ्या फाईलमध्ये) काढा, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ४००० केल्विनला बांधून टाका. रॉमध्ये तो नंतर बदलता येतो हे खरं, पण ऑटोवर प्रत्येक फोटोची छटा वेगळी पडते आणि तीनशे फोटो निवडताना डोकं उठतं.

घरी आल्यावर व्हाइट बॅलन्सची पट्टी ओढून निळ्या चेहऱ्याला त्वचेचा रंग द्यायचा प्रयत्न करू नका. लाल माहिती नोंदवलीच गेलेली नाही, येईल ते फक्त नॉइज (रंगीत दाणे). निळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) तीस-चाळीसनं खाली आणा, त्याची ल्युमिनन्स (उजळपणा) थोडी हलवून बघा. तरी जमलं नाही तर कृष्णधवल करा. त्यातही निळ्या चॅनेलचा वाटा वाढवलात तर चेहरा उजळतो. आणि काही फोटो निळेच राहू द्यावेत हो. मागून निळा झोत आणि पुढं गायकाची काळी आकृती, यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

यूव्ही फिल्टर लावला असेल तर काढा. समोरून दिवे लेन्सवर रोखलेले असताना त्या सपाट काचेमुळे दिव्यांची हिरवट भुतं चौकटीत उलट्या बाजूला उमटतात. लेन्सच्या संरक्षणाला हूड (तिच्या तोंडाशी बसणारं कडं) पुरतो, गर्दीतल्या कोपरांपासूनही तोच वाचवतो. लेझर असतील तर कॅमेरा थेट त्यांच्या झोतात धरू नका, सेन्सरवर कायमचा डाग पडू शकतो.

डावीकडून_दुसरा

माइकचं उत्तर जागेत आहे. समोरासमोर उभं राहिलात की माइक तोंडावर येणारच. तीस ते पंचेचाळीस अंश बाजूला सरका. माइक हातात धरून गाणारा असेल तर ज्या हातात माइक आहे त्याच्या विरुद्ध बाजूला, नाहीतर कोपर आणि मूठ मध्ये येते. ओठ आणि माइक यांच्यामध्ये बोटभर काळी फट दिसली की चेहरा सुटा वाटतो. ओळ संपून श्वास घेताना किंवा वरचा स्वर लावताना बरेच गायक माइकपासून मागे येतात; गाणं माहीत असेल तर बोट आधीच बटणावर असतं.

उजव्या हाताचा गिटारवादक असेल तर दांडा प्रेक्षकांच्या उजवीकडे येतो. तो दांड्यावरच्या फ्रेट्सकडे (आडव्या धातूच्या पट्ट्यांकडे) बघायला मान वळवतो तीही तिकडेच. त्यामुळे प्रेक्षकांच्या उजव्या अंगाला उभं राहिलं की चेहरा आणि डाव्या हाताची बोटं दोन्ही मिळतात. अगदी टोकाला मात्र जाऊ नका, दांड्याचं डोकं लेन्सवर येऊन बाकी सगळं झाकतं. ड्रमर कायम मागे, कायम अंधारात. बाजूनं हाय-हॅट आणि वरच्या झांजेमधल्या फटीतून शोधा आणि आयएसओ ६४०० ला मुकाट्यानं हो म्हणा.

फोकसला एकच बिंदू, सतत फोकसवर, बिंदू डोळ्यावर. डोळा ओळखणारा फोकस वापरत असाल तर माइक आडवा आला की तो माइकच्या जाळीवर जाऊन बसतो, त्यावर नजर ठेवा.

जागेवर गेल्यावर मॉनिटरजवळ (स्टेजवरच्या, बँडकडे तोंड केलेल्या स्पीकरजवळ) चिकटवलेला गाण्यांच्या क्रमाचा कागद दिसतो का बघा. त्याचा आधी एक फोटो घ्या. कुठल्या गाण्याला कुठं उभं राहायचं ते ठरतं आणि नंतर फोटोंखाली नावं लिहायलाही कामी येतो. कागदाला किंवा गिटारच्या पेडलला हात मात्र लावायचा नाही. स्टेजच्या कडेवर बॅग, ग्लास, कोपर काही टेकवायचं नाही. एक वायर निघाली की गाणं बंद.

कापूस_बोळा

मागच्यांना त्रास होऊ नये म्हणून: फोकस असिस्टचा दिवा बंद (गायकाच्या डोळ्यात जातो तो), बीप बंद, फोटो काढल्यावर स्क्रीनवर आपोआप दिसणं बंद, मागच्या स्क्रीनची ब्राइटनेस सर्वांत कमी. कॅमेरा डोळ्याला लावून काढा, डोक्यावर धरून नाही. पाठीवरची सॅक नको, वळलात की मागच्याला लागते. लहान बॅग पोटावर घ्या. बाजू बदलायची असेल तर दोन गाण्यांच्या मधे. तीन-चार गाणी फोटो, मग कॅमेरा खाली, हे प्रमाण बरं.

परवानगी आधी. बँडला आणि जागेच्या व्यवस्थापनाला दोघांनाही दोन-चार दिवस आधी संदेश टाका. बऱ्याच ठिकाणी लेन्स बदलता येणारा कॅमेरा 'व्यावसायिक' धरून दारातच अडवतात, तेव्हा बँडचा होकार फोनवर दाखवता आला पाहिजे. 'पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही' हा नियम मुख्यतः मोठ्या कार्यक्रमांत स्टेजपुढच्या प्रेस फोटोग्राफरसाठी असतो. छोट्या जागेत तो असेलच असं नाही, पण विचारलेलं बरं.

आणि कान! फोटोसाठी माणूस नेमका स्पीकरच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा जागांसाठी सांगितलेली मर्यादाही १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलचीच. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, ते साधारण १५ ते २० डेसिबल सगळ्या पट्टीत सारखे कापतात. फोमचे वरचे स्वर जास्त खातात, गाणं उशीखालून आल्यासारखं वाटतं. पण काहीच नसण्यापेक्षा ते बरे.

तिसरी_रांग

भरपूर मिळालं. ५० मिमी घेतो. पण परवडणाऱ्या ५० मध्ये स्टॅबिलायझेशन नाही आणि माझ्या बॉडीतही नाही, त्यानं अडेल का? आणि कॅमेरा आत सोडलाच नाही तर फोनवर काय करता येईल?

उजेडाचा_हिशेब

नाही अडणार. स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, गायकाला नाही. १/१६० च्या वर राहणारच आहात, तिथं त्याचा फारसा फरक पडत नाही.

फोनवर मुख्य १एक्स कॅमेराच वापरा, त्याचाच सेन्सर मोठा. अंधारात ३एक्स दाबलं की बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच तुकडा कापून मोठा करून देतात, म्हणून झूमऐवजी दोन पावलं पुढं. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस-एक्स्पोजर लॉक झालं की सूर्याचं चिन्ह खाली ओढा, कपाळावर त्वचेचा रंग दिसेपर्यंत. नाइट मोड बंद. तो अनेक चौकटी एकावर एक रचतो आणि हलणाऱ्या माणसाला तीन हात देतो. ध्रुवपदाला बर्स्ट, दहा-बारा फोटो, त्यातला एक ठेवा. आणि सुरू करण्याआधी लेन्स शर्टाला पुसा. दिव्यांभोवती जी धुरकट प्रभा दिसते ती बऱ्याचदा धुराच्या मशीनची नसते, बोटाच्या तेलाची असते.

रॉ_फाईलवाली

कार्डाचं राहिलं. २४ मेगापिक्सेलची रॉ फाईल कॉम्प्रेशननुसार साधारण २५ ते ४५ एमबी, तीनशे फोटोंना ८ ते १३ जीबी. ३२ जीबीचं एक कार्ड पुरे, बॅटऱ्या मात्र दोन. बँडला सगळे तीनशे पाठवू नका. पंधरा-वीस निवडा, तोंड वेडंवाकडं झालेले गाळा, ड्रमरचा एक तरी ठेवाच, लांब बाजू २०४८ पिक्सेल करून दोन दिवसांत पाठवा. पोस्टर किंवा अल्बमसाठी मागितले तर मोठी फाईल द्या, पण नाव कुठं आणि कसं छापणार ते आधी लेखी ठरवून.