बाबांची स्कूटर आणि घरातली फरशी

मी: सगळ्यांना एक विचारायचंय. बाबांची घरात बसून फिरायची बॅटरीवरची चारचाकी स्कूटर पुढच्या आठवड्यात राजेंद्रनगरच्या घरी येतेय. स्कूटर 118 किलो, बाबा 76. त्यांच्या खोलीतल्या जुन्या सिरॅमिक टाइल्सना आत्ताच तडे आहेत. हॉलमध्ये कोटा फरशी आहे. दुकानदार म्हणतो, सगळीकडे लाकडासारखं दिसणारं व्हायनिल टाका, दोन दिवसांत काम होईल. टाकावं का?

वहिनी: दिसतं छान. आणि थंडीत पायाला गार लागत नाही.

आत्या: मुळीच टाकू नकोस. रामबागेत आमच्या यांच्या व्हीलचेअरसाठी टाकलं होतं. चाकं रात्रभर जिथे उभी असायची तिथे तपकिरी डाग पडले. सगळं लावून घासलं, जसेच्या तसे राहिले.

दादा: आत्या, ते घासून जाणारच नाहीत. टायरच्या रबरातली रसायनं व्हायनिलमध्ये उतरतात, रंग आतूनच बदलतो. स्कूटर तर चार्जिंगला रोज एकाच जागी उभी राहणार. शिवाय क्लिकचं, म्हणजे पट्ट्या एकमेकींत अडकवायचं, व्हायनिल आणि लॅमिनेट जमिनीला चिकटवलेलं नसतं, नुसतं वर पसरलेलं असतं. जड चाक जागच्या जागी वळलं की सांधे सुटतात. लॅमिनेटमध्ये पाणी शिरलं की कडा फुगतात, ते वेगळंच.

बडोद्याचे काका: मग पार्किंग टाइल्स घाला. त्यांच्यावर गाड्या उभ्या राहतात.

आत्या: भाऊ, घरात त्या खडबडीत टाइल्सवर पोछा कोण मारणार? आणि बाबांना दिवसभर हादरे बसतील. त्यांची कंबर आधीच दुखते.

वहिनी: पण 194 किलो कोटा तरी सोसेल का?

दादा: नुसत्या वजनाला घाबरू नका. भरलेलं लोखंडी कपाटही एवढं जड असतं आणि वर्षानुवर्षं एका जागी उभं राहतं. स्कूटरचं वजन चार चाकांवर, त्यातही मागच्या दोन चाकांवर जास्त, आणि ते सतत फिरणार. फरशीच्या खाली मसाला पूर्ण भरलेला असेल तर काही होत नाही. पुष्कळदा कारीगर चार कोपऱ्यांत आणि मधे गोळे ठेवून टाइल दाबतात. मधे पोकळी राहते, चाक बरोबर तिथे आलं की तडकते. ताई, एक रुपयाचं नाणं घे आणि प्रत्येक फरशी वाजवून बघ. भरीव असेल तर ठक् वाजेल, पोकळ असेल तर मडक्यासारखा आवाज येईल.

मी: आत्ता वाजवून आले. हॉलमध्ये पाच पोकळ. दोन देवघरासमोर, तीन खिडकीखाली. बाबांच्या खोलीत निम्म्याहून जास्त.

दादा: मग हॉल उकरू नका. कोटा साधारण इंचभर जाड असतो, टाइल जेमतेम 8 ते 10 मिलिमीटर. पोकळ पाचच काढून नीट भरून बसवा. फक्त आरशासारखं पॉलिश करू नका, ओलं झालं की माणूसही घसरतो आणि चाकही. कोटा म्हणजे चुनखडी, त्यामुळे अ‍ॅसिडनं पुसायचा नाही, पांढरे चट्टे पडतात. खोलीत मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, व्हिट्रिफाइड टाइल्स घ्या. जुन्या टाइल्सवर चिकटवू नका, उंची वाढून दारात पायरी तयार होईल. काढूनच टाका, आणि खाली अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीनं पूर्ण पसरायला सांगा. काळे ओरखडे पडले तरी व्हिट्रिफाइडवरून पुसले जातात.

बडोद्याचे काका: टाइल मोरबीचीच मिळेल तुम्हाला इंदुरात. जास्तीचा एक डबा घेऊन ठेवा, नंतर तोच रंग जुळत नाही.

वहिनी: बाबांना कुणी विचारलं का?

मी: त्यांनी व्हॉइस नोट पाठवलीय, लिहून देते. ‘फरशी कुठलीही घाला. मला कुणाला हाक न मारता मागच्या अंगणात जाता आलं पाहिजे. स्वयंपाकघराचा उंबरठा आडवा येतो. आणि हॉलमधला गालिचा चाकात गुंततो, परवा व्हीलचेअर तिथेच अडकली.’

हे वाचून वाईट वाटलं. फरशीचा रंग ठरवत बसलो आणि उंबरठा कुणाच्याच डोक्यात आला नाही.

दादा: उंबरठा किती उंच?

मी: मोजला. 4 सेंटीमीटर.

दादा: मग दोन्ही बाजूंना 48-48 सेंटीमीटरचा उतार दे, म्हणजे 1 ला 12. खडबडीत कोट्याचाच करा. आणि दिवाण भिंतीला सरकव, स्कूटर वळायला दीड मीटर जागाही पुरायची नाही.

आई: गालिचा मी गुंडाळून माळ्यावर टाकायला दिला. देवघरासमोरच्या दोन फरश्या मात्र मी समोर बसून बसवून घेणार. मिस्त्रीला उद्या दहाला बोलाव.

मी: बोलावलंय. दादा, तेव्हा व्हिडिओ कॉलवर राहा.