दुबईत व्हिडिओ एडिटरची नोकरी, ‘व्हिसा कंपनीचा’. पैसे भरण्याआधी काय काय तपासायचं?

दारव्हा_टाइमलाइन

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान भावासाठी आहे. बी.कॉम. (अमरावती विद्यापीठ), चार वर्षं लग्नाचं आणि यूट्यूब चॅनलचं एडिटिंग. सॉफ्टवेअर म्हणाल तर प्रीमियर रोजच्या हातातलं, रिझॉल्व्ह कामापुरतं. पासपोर्टवर नुसतं पहिलं नाव आहे, आडनावाचा रकाना कोरा.

एका एजंटमार्फत दुबईचं ऑफर लेटर आलंय. पगार ५,००० दिरहम. एजंट १ लाख ८० हजार मागतो, त्यातले ६० हजार आधी. त्याचं म्हणणं, आधी व्हिजिट व्हिसावर जायचं, तिथं गेल्यावर कंपनी त्याचा कामाचा व्हिसा करून देते. सोयाबीन विकून पैसे भरायची घरात तयारी सुरू आहे. हे खरं की खोटं कसं ओळखायचं? आणि दुबई सोडून दुसरीकडे व्हिसा देणारी कंपनी शोधायची कशी?

कागदपत्रवाला

भाऊ, सोयाबीन विकायची ती विका, पण एजंटाला सध्या एक रुपया देऊ नका.

पहिली गोष्ट पैशाची. आपल्या देशात नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात. बँकेतून द्यायचे, पावती घ्यायची. १ लाख ८० हजार हा आकडाच कायद्याबाहेरचा आहे. एजंटाचं नाव आणि लायसन्स नंबर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवरच्या यादीत स्वतः शोधा. ‘मी अमक्या मोठ्या एजन्सीचा तालुक्यातला माणूस’ असं तो म्हणत असेल, तर तो सब-एजंट झाला, आणि सब-एजंटला कायद्यात जागाच नाही.

दुसरं, यूएईच्या (दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीच्या) २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कंपनीचा. तो कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने वसूल करायला मनाई आहे. म्हणजे ‘व्हिसा कंपनीचा’ आणि ‘व्हिसाचे पैसे तुम्ही भरा’ या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत.

व्हिजिट व्हिसाचं नीट समजून घ्या, कारण इथेच पोरं अडकतात. तिथं राहून स्टेटस बदलता येतं, म्हणजे व्हिजिट व्हिसाचा कामाचा व्हिसा करता येतो, हे खरं आहे. पण बदल होईपर्यंत काम करणं गुन्हा आहे. कंपनीने मध्येच हात वर केले की मुदत संपल्यावर रोजचे ५० दिरहम दंड सुरू होतो, आणि हातात कोणताच करार नसतो. सरळ मार्ग असा: कंपनी वर्क परमिटचा अर्ज करते, ऑफर लेटरवर भाऊ इथूनच सही करतो, एंट्री परमिट येतं, मग विमान. मेडिकल आणि एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) तिथं गेल्यावर.

ऑफर लेटर तपासायला तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाची साइट आहे, ‘मोहरे’ म्हणतात ती. लेटरवरचा व्यवहार क्रमांक तिथे टाका. मात्र कंपनी दुबई मीडिया सिटीसारख्या फ्री झोनमधली (वेगळं प्राधिकरण असलेल्या व्यापारी क्षेत्रातली) असेल तर तिची नोंद तिथे दिसणार नाही, त्या फ्री झोनच्या प्राधिकरणाकडे असते. तेवढ्यावरून खोटं ठरवू नका, त्यांना मेल करून विचारा.

आणि ५,००० पैकी ‘बेसिक’ किती ते पाहा. बेसिक १,५०० आणि बाकी भत्ते असं लिहिलेलं असलं की नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी १,५०० वरच निघते: पहिली पाच वर्षं, दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक.

वऱ्हाडी_कट

थायलंडचं नाव काढलं कोणी, तं तिथंच थांबा राजेहो. ‘डिजिटल मार्केटिंग’, ‘कंटेंट’ असं काम सांगून पोराईले थायलंडले नेते आन् तिथून म्यानमारच्या म्यावाडीत सायबर फसवणुकीच्या अड्ड्यावर बसवते. परराष्ट्र मंत्रालयानं २०२२ मधीच तसा इशारा देला होता. इंटरव्ह्यू फक्त टेलिग्रामवर, पगार कामाच्या मानानं दुप्पट, टेस्ट नावापुरती: असं दिसलं की समजून घ्या.

प्रायोजक_शोध

दुबईचं वर आलंच आहे, मी इतर देशांचं सांगतो.

यूके: २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर या कामाच्या व्हिसासाठी काम पदवी पातळीचं लागतं आणि साधारण वर्षाला ४१,७०० पौंड पगार. पदवी पातळी त्या *कामाची*, तुमच्या बी.कॉम.ची नव्हे. बहुतेक ज्युनिअर एडिटरच्या जागा पगारातच गळतात. शोधायचं कसं, तर तिथल्या सरकारच्या साइटवर परवानाधारक प्रायोजक (परदेशी माणसाला व्हिसा देऊ शकणाऱ्या) कंपन्यांची यादी मोफत आहे. ती एक्सेलमध्ये उघडा, ‘पोस्ट’, ‘स्टुडिओज’, ‘प्रॉडक्शन्स’ हे शब्द इंग्रजीत टाकून गाळा, रूटच्या (व्हिसाच्या प्रकाराच्या) रकान्यात स्किल्ड वर्कर आहे ना ते पाहा, मग त्या कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर जा. यादीत नाव म्हणजे परवाना आहे एवढंच, जागा आहे असं नाही. प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र ‘विकत’ देणारा सरळ ठग.

कॅनडा: ‘एलएमआयए काढून देतो, पीआरचे गुण वाढतील’ ही जाहिरात अजून फिरते. (एलएमआयए म्हणजे परदेशी माणूस ठेवायला कंपनीने घ्यायची सरकारी मंजुरी, पीआर म्हणजे कायमचं वास्तव्य.) २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरच्या गुणांवरच्या निवडीत, नोकरीच्या ऑफरचे गुणच काढून टाकलेत. एलएमआयएची १,००० डॉलर फी कंपनीची, उमेदवाराकडून घेता येत नाही.

जर्मनी: खासगी इन्स्टिट्यूटचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स तिथे चालत नाही, पदवी आणि विद्यापीठ ‘अनाबिन’ या परदेशी पदव्यांच्या डेटाबेसमध्ये सापडायला हवं. संधी कार्डावर (१ जून २०२४ पासून) वर्षभर नोकरी शोधायला जाता येतं, पण २०२५ च्या हिशेबाने महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो, दाखवावे लागतात. आणि एडिटरला मुलाखतीतलं बोलणं कळल्याशिवाय कट मारता येत नाही, म्हणून जर्मन लागतेच.

ऑस्ट्रेलियाच्या ४८२ या कंपनीमार्फत मिळणाऱ्या कामाच्या व्हिसासाठी फिल्म अँड व्हिडिओ एडिटरचा कोड २१२३१४. अर्जाच्या दिवशी पात्र व्यवसायांच्या यादीत हा आकडा आहे का, एवढं आधी पाहा. अमेरिकेचा विचार सध्या नको: नव्या एच-१बी (तिथल्या कामाच्या व्हिसाच्या) अर्जावर सप्टेंबर २०२५ मध्ये १ लाख डॉलरचा आकार लागला.

फ्रेमरेट_२५

कागद ठीक झाले तरी शोरील (निवडक कामाचा नमुना व्हिडिओ) लग्नाचं असेल तर मेल उघडून बंद होतो. तिकडच्या कंपन्यांना जोडप्याचा स्लो-मोशन नको असतो. फिल्मी गाणं लावलेलं असेल तर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा लागतो आणि लिंक कधी म्यूट होते, कधी उघडतच नाही.

तीन तुकडे नव्याने करा: ३० सेकंदांची जाहिरात, दोन कॅमेऱ्यांवरची मुलाखत कापून ९० सेकंद, आणि एक उभा ९:१६ रील सबटायटलसह. वरुड-मोर्शीचा संत्रा बाजार किंवा गावातली जिनिंग चालते, विषय हाताशी आहेत. शोरील ६० ते ९० सेकंद, सगळ्यात चांगला शॉट पहिल्या पाच सेकंदांत.

फ्रेमरेटकडे लक्ष द्या. यूएई आणि युरोप सेकंदाला २५ फ्रेमवर चालतात. लग्नातलं ६० फ्रेमचं फुटेज तसंच २५ च्या टाइमलाइनवर टाकलं की पॅन (कॅमेरा आडवा फिरवलेला शॉट) अडखळत जातो, कारण ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नाही. एक तर ते ४१.६७ टक्के स्पीडवर स्लो-मोशन म्हणून वापरा, नाही तर शूटच २५ किंवा ५० वर करा. आवाज टीव्हीसाठी −२३ एलयूएफएस (आवाजाची पातळी मोजायचं एकक), यूट्यूबसाठी −१४ च्या आसपास.

अरबी मजकुराला घाबरू नका. प्रीमियरमध्ये मराठी जोडाक्षरं फुटू नयेत म्हणून ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न हे टेक्स्ट इंजिन निवडतो ना, अरबीलाही तेच लागतं. ते नसेल तर अक्षरं सुटी पडतात आणि उलटी बसतात. सीव्हीत हे लिहाच, तिथे याला किंमत आहे.

टेस्टचा प्रोजेक्ट पाठवताना प्रोजेक्ट मॅनेजरमधून ‘कलेक्ट फाइल्स’ करा. नुसती प्रोजेक्ट फाइल पाठवली तर तुमच्या डी ड्राइव्हचा पत्ता त्यांच्याकडे नसतो, सगळं लाल दिसतं. फॉन्ट मात्र त्यात गोळा होत नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये द्या.

दारव्हा_टाइमलाइन

खूप आभार सगळ्यांचे. एजंटाला लायसन्स नंबर मागितलाय, अजून दिला नाही. पासपोर्टच्या नावाचं काय करायचं? आणि मार्कशीटवर आडनाव आधी आहे.

कागदपत्रवाला

२०२२ पासून यूएई एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाला अडवतं. म्हणजे एजंट सांगतो तो रस्ता तुमच्यासाठी तसाही बंद. आडनाव घालून पासपोर्ट रीइश्यू (नव्याने जारी) करून घ्या, नागपूर पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतं तुमचं. मार्कशीटवर आडनाव आधी असल्याने बिघडत नाही, स्पेलिंग मात्र अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. ‘Wankhede’ आणि ‘Wankhade’ एवढ्यावर फाइल परत येते.

पदवीचं अटेस्टेशन (सरकारी साक्षांकन) पासपोर्ट हातात आल्यावरच सुरू करा: राज्य सरकारची पडताळणी, परराष्ट्र मंत्रालय, यूएई दूतावास, शेवटी तिथलं परराष्ट्र मंत्रालय. यूएई हेग करारात नाही, त्यामुळे त्या करारातलं साक्षांकन, म्हणजे नुसतं अपॉस्टिल, करून आणलं तर तो खर्च वाया जातो. दहावी पास असल्याने ईसीएनआर (परदेशी कामाला जाताना सरकारी परवानगी लागत नाही अशी नोंद) मिळेल, दहावीची सनद रीइश्यूच्या फाइलला सोबत ठेवा.